स्टिअरिंग वळवळतंय, पण खोट मागच्या चाकांत असेल तर?

प्रश्न: माझ्याकडे दहा वर्षं जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार आहे. इंजिन पुढे, ड्राइव्ह मागच्या चाकांना. अधूनमधून मी ती ट्रॅकवर चालवतो. ताशी ११० किलोमीटरपर्यंत गाडी अगदी सरळ जाते. १३०-१४० च्या पुढे मात्र नाक जागेवर राहत नाही. स्टिअरिंग हलकं पडतं, गाडी जरा डावीकडे, जरा उजवीकडे जाते आणि मला सतत सावरत राहावं लागतं. लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मागचा भाग बाजूला सरकल्यासारखा वाटतो. स्टिअरिंगला थरथर अजिबात नाही. मी केलेले बदल असे: लोअरिंग स्प्रिंग (पुढून ३५ मिलिमीटर खाली, मागून २०), पुढे नवे, एक साइझ रुंद टायर (मागच्यांची नक्षी शिल्लक होती म्हणून ते जुनेच ठेवले) आणि डिकीवर मोठी विंग. व्हील अलाइनमेंट दोनदा केली, दोन्ही वेळा रिपोर्टमध्ये सगळं हिरवं. मेकॅनिक म्हणतो, स्टिअरिंग रॅक गेला, बदलून टाका. बदलू का? आणि तोवर स्टिअरिंग डँपर बसवला तर चालेल का?

उत्तर: रॅक एवढ्यात बदलू नका. आणि मागची बाजू तपासून होईपर्यंत ही गाडी ताशी १०० च्या वर नेऊ नका, ट्रॅकवरसुद्धा.

पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: पाय उचलला की मागचा भाग सरकतो. मेकॅनिकला हे सांगितलं होतं का? बहुतेक नसावं. गॅरेजमध्ये आपण ‘स्टिअरिंग हलतंय’ एवढंच सांगतो आणि मग समोरचा माणूस स्टिअरिंगच्याच भागांत दोष शोधतो. त्याला फार बोल लावता येणार नाही.

रॅकवर माझा संशय का बसत नाही, ते आधी सांगतो. (रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की डावीकडे-उजवीकडे सरकणारा दांडा; टाय रॉड ती सरक चाकांपर्यंत नेतात.) रॅकमध्ये किंवा टाय रॉडच्या टोकांत खेळ असेल तर तो ताशी ६० लाही असतो. वेग वाढला की तो जास्त जाणवतो हे खरं, पण ११० पर्यंत गाडी ‘अगदी सरळ’ जाणार नाही. शिवाय ढिल्या रॅकचा पाय उचलण्याशी असा थेट संबंध नसतो. पाय उचलल्याबरोबर बदलतं ते पुढच्या-मागच्या चाकांवरचं वजन आणि मागच्या चाकांना पुढे ढकलणाऱ्या जोराची दिशा. तुमची तक्रार या दोन गोष्टींभोवती फिरतेय.

आता ११० ला शहाणी असणारी गाडी १४० ला का बिघडते? वेगाबरोबर दोन गोष्टी बदलतात. पहिली हवा. हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: ८० वरून १६० ला गेलात की चौपट. ८० ला जे उचलणं किंवा दाबणं जाणवतही नाही, ते १६० ला स्टिअरिंगमध्ये येतं. दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. गाडी आडवी फिरू लागली की टायरच त्या फिरण्याला विरोध करतात, आणि हा विरोध वेग वाढेल तसा क्षीण होत जातो. म्हणून कुठल्याही गाडीला छोटासा धक्का बसला, तर तो १५० ला शमायला ७५ पेक्षा जास्त वेळ लागतो.

यातच पुढच्या आणि मागच्या टायरच्या पकडीचं गणित येतं. पुढच्या चाकांच्या मानाने मागची चाकं घट्ट असतील, म्हणजे गाडीचा कल अंडरस्टिअरकडे (वळणात आधी नाक बाहेर सरकण्याकडे) असेल, तर ती कितीही वेगात स्वतःहून सरळ होऊ पाहते. उलट असेल, म्हणजे ओव्हरस्टिअरकडे (आधी शेपूट बाहेर सरकण्याकडे) कल असेल, तर अशा गाडीला एक ठरावीक वेग असतो. त्याच्या अलीकडे ती नीट चालते, पलीकडे प्रत्येक धक्का आपोआप वाढत जातो आणि चालकाने सावरत राहिलं तरच ती रस्त्यावर राहते. वाहन-गतिशास्त्रात त्याला क्रिटिकल स्पीड म्हणतात. बाणाला सरळ ठेवतात ती मागची पिसं. गाडीत ते काम मागचे टायर करतात.

आणि तुम्ही काय केलंत? पुढे नवे, रुंद टायर घातलेत आणि मागे जुने ठेवलेत. नक्षी शिल्लक आहे म्हणजे टायर चांगला, हा समज फार खोलवर रुजलेला आहे. रबर वयाने कडक होतं आणि नक्षी तशीच राहते. मागच्या टायरच्या बाजूवर ‘DOT’ (डीओटी) या अक्षरांपुढच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: ३५१८ असेल तर तो २०१८ च्या पस्तिसाव्या आठवड्यातला टायर. टायरच्या बाजूवरच साइझ आणि कमाल वेगाचं अक्षरही असतं, तेही पाहून ठेवा. एच म्हणजे ताशी २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०. पुढच्या-मागच्या टायरची कंपनी आणि मॉडेल वेगवेगळं असेल तर तेही लिहून ठेवा. दोन वेगळ्या स्वभावांचे टायर एकाच गाडीवर, तेही जास्त पकडीचे पुढे आणि कमी पकडीचे मागे, ही वेगवान गाडीसाठी सगळ्यात वाईट जोडी आहे.

म्हणून पहिलं काम टायरचं. गाडीच्या मूळ मापाचे, चारही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे टायर लावा. मुळात मागचे रुंद असतील तर ते तसेच रुंद हवेत. विकत घेण्याआधी कोणाकडून एक दिवसासाठी मिळाले तर उत्तम. हवा गाडी थंड असताना भरा आणि दाराच्या खांबावरच्या तक्त्याप्रमाणे भरा. तो तक्ता मूळ मापासाठी असतो, तुमच्या रुंद टायरसाठी नाही, हेही इथे कळून येईल. डाव्या-उजव्यात तीन-चार पीएसआयचा फरक असला तरी गाडी एका बाजूला ओढते, आणि मागच्या एका टायरात हवा कमी असेल तर तुम्ही वर्णन केलंय तशीच शेपूट सरकण्याची भावना येते. पंपावरच्या गेजवर विसंबू नका, स्वतःचा ठेवा.

टायर उतरवलेत की आणखी एक तपासणी करा. टायरच्या नक्षीवरून तळहात आतून बाहेर फिरवा, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं टोचत असेल तर ते चाक तिरकं घासत चाललंय, म्हणजे टो (वरून पाहिलं तर चाक किती आत किंवा बाहेर वळलंय ते) चुकलाय. हे मागच्या चाकांवर सापडलं तर रिपोर्ट कितीही हिरवा असो, मी टायरचं ऐकेन.

त्या हिरव्या रंगाबद्दलही बोलायला हवं, कारण अर्धी माणसं तिथेच फसतात. अलाइनमेंटच्या मशीनमध्ये कंपनीने दिलेली एक मर्यादा असते. आकडा तिच्या आत कुठेही पडला की हिरवा. ती मर्यादा मूळ उंचीच्या गाडीसाठी ठरवलेली असते, आणि तुमची गाडी मूळ उंचीवर नाही. शिवाय हिरव्याच्या आत डावं मागचं चाक एका टोकाला आणि उजवं दुसऱ्या टोकाला असू शकतं. मग दोन्ही मिळून बेरीज छान दिसते, पण मागचा ॲक्सल एका बाजूला बघत असतो आणि स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी किंचित तिरकी धावते. रिपोर्टवर याला थ्रस्ट अँगल म्हणतात. तो शून्याच्या जवळ हवा.

मागच्या चाकांचा टो-इन हा तुमच्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा. मागची चाकं पुढच्या कडेला किंचित आत वळलेली हवीत. ती सरळ असली तरी गाडी अस्वस्थ होते, आणि बाहेर वळलेली असली, म्हणजे मागे टो-आउट असला, तर वेगात ती धोकादायक आहे. यातले फरक डोळ्यांना दिसत नाहीत: १० मिनिटांचा टो (एका अंशाची ६० मिनिटं होतात) म्हणजे ४५० मिलिमीटर व्यासाच्या रिमवर पुढच्या आणि मागच्या कडेत जेमतेम १.३ मिलिमीटरचा फरक. गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या ताणून आणि स्टीलच्या पट्टीने हे घरी मोजता येतं. वेळ लागतो, पण मापं पक्की मिळतात. रेसिंगवाले अजूनही असंच मोजतात.

आता रिपोर्टमध्ये जे कधीच येत नाही ते. मशीन गाडी उभी असताना मोजतं. गाडी धावत असते तेव्हा सस्पेन्शनचे रबरी बुश दबतात, ताणले जातात. ॲक्सिलरेटर दाबलेला असताना मागची चाकं गाडीला पुढे ढकलत असतात, म्हणजे बुशवर एका दिशेने जोर असतो. पाय उचलला की इंजिन ब्रेक लावू लागतं आणि तोच जोर उलटतो. बुश झिजलेले किंवा फाटलेले असतील तर या उलटण्यात चाक स्वतःची जागा बदलतं आणि त्या क्षणापुरता टो-इनचा टो-आउट होतो. उभ्या गाडीवर तो आकडा हिरवा दिसणारच.

ही कल्पनेतली भानगड नाही. पोर्शने १९७७ साली ९२८ आणली तेव्हा तिच्या मागच्या सस्पेन्शनची रचनाच यासाठी केली होती: पाय उचलला किंवा ब्रेक दाबला की मागची चाकं बाहेर वळू नयेत. तो ‘वायसाख ॲक्सल’ म्हणून ओळखला जातो. त्याआधीच्या ९११ मध्ये इंजिनच मागच्या ॲक्सलच्या मागे होतं आणि सुरुवातीच्या गाड्या वेगात पाय उचललेला सहन करत नसत. काही गाड्यांत पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांना ११-११ किलोची लोखंडी वजनं बसवली गेली, आणि १९६९ च्या मॉडेलपासून मागची चाकं मागे सरकवून व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ५७ मिलिमीटरने वाढवला. स्टिअरिंगला हात न लावता गाडीचा वेगातला स्वभाव बदलण्याची ही सगळी खटपट.

बुश तपासायचे तर लिफ्टवर गाडी चढवून टॉर्चने भेगा शोधाच, पण तेवढ्यावर थांबू नका. अलाइनमेंट मशीनचे सेन्सर लावलेले असतानाच मागच्या चाकाची पुढची कडा धरून जोरात आत ढकला, बाहेर ओढा आणि स्क्रीनवरचा टो पाहा. आकडा थोडा हलेल, पण सोडल्यावर तो पुन्हा तिथेच यायला हवा. प्रत्येक वेळी वेगळ्या जागी थांबत असेल तर दोषी सापडला. दहा वर्षांच्या गाडीत, त्यात ती ट्रॅकवर चालणारी, मागचे मूळ बुश अजून ठणठणीत असतील यावर मी पैज लावणार नाही. मागच्या बेअरिंगचा खेळही त्याच वेळी पाहा: चाक वर-खाली धरून हलवा, मग डावीकडून-उजवीकडून धरून. दोन्ही प्रकारे हललं तर बेअरिंग, एकाच प्रकारे हललं तर सस्पेन्शनच्या आर्मचा एखादा जोड.

तुमच्या लोअरिंग स्प्रिंगकडे येऊ. पुढून ३५ आणि मागून २० म्हणजे नाक १५ मिलिमीटर जास्त वाकलंय. २,४०० मिलिमीटरच्या व्हीलबेसवर हा साधारण एक तृतीयांश अंशाचा कल झाला, आणि पुढच्या चाकांचा कॅस्टर जवळपास तेवढाच कमी झाला. कॅस्टर म्हणजे स्टिअरिंगचा अक्ष मागे झुकलेला असणं. त्यामुळे वळवलेलं चाक सोडल्यावर सरळ होऊ पाहतं. तो कमी झाला की स्टिअरिंग मधोमध हलकं आणि बावचळलेलं वाटतं. पण एक तृतीयांश अंशाने एवढा गोंधळ होत नाही, त्यामुळे या एका गोष्टीवर खापर फोडू नका. उलट नाक खाली असल्याने पुढून गाडीखाली शिरणारी हवा कमी होते, म्हणजे त्याचा थोडा फायदाही आहे. रिपोर्टमधला कॅस्टर डाव्या-उजव्यात सारखा आहे का, तेवढं पाहा.

खाली बसलेल्या गाडीत मला दुसरी भीती जास्त वाटते. टाय रॉड आणि सस्पेन्शनचा खालचा आर्म वर-खाली होताना आपापल्या कमानीत फिरतात. मूळ उंचीला या दोन कमानी जुळवलेल्या असतात. गाडी ३५ मिलिमीटर खाली आणली की ती जुळणी बिघडते आणि चाक उंचवट्यावरून गेलं की ते स्वतःहून किंचित वळतं, स्टिअरिंग जागेवर असताना. त्याला बम्प स्टिअर म्हणतात. वेगात उंचवटे भराभर येतात आणि गाडी वळवळल्यासारखी वाटते. ओळखण्याची खूण: आरशासारख्या गुळगुळीत पट्ट्यावर तक्रार नाहीशी होते आणि लाटांच्या पट्ट्यावर परत येते. तुमच्या ट्रॅकवर असे दोन वेगळे पट्टे असतील तर पुढच्या खेपेला लक्ष ठेवा.

आणि शॉकअपच्या दांड्यावर एक केबल टाय घट्ट आवळून खाली सरकवून ठेवा. गाडी चालवून आल्यावर तो जिथे ढकलला गेला असेल तिथवर शॉकअप दबला. टाय बम्प स्टॉपला जाऊन चिकटला असेल, तर स्प्रिंग संपून गाडी रबरी ठोकळ्यावर बसत होती. तसं झालं की त्या टोकाची कडकपणाची मात्रा एकदम वाढते आणि टायर पकड सोडतो. लोअरिंग स्प्रिंग घालून मूळ लांबीचेच शॉकअप ठेवलेल्या गाड्यांत हे सर्रास होतं. काही पैशांचा टाय जे सांगतो ते फेंडर दाबून गाडी किती उड्या मारते हे पाहून कळत नाही. कडक स्प्रिंगच्या गाडीला ती जुनी चाचणी जवळपास निरुपयोगी आहे.

विंग. इथे तुमच्या ‘स्टिअरिंग हलकं पडतं’ला बहुतेक उत्तर मिळेल. विंग मागच्या ॲक्सलच्याही मागे असते, त्यामुळे ती मागचा भाग दाबताना पुढचा भाग उचलते. समजा १५० च्या वेगाला ती ६० किलोचा दाब देते आणि मागच्या ॲक्सलपासून ८० सेंटिमीटर मागे आहे. २.४ मीटरच्या व्हीलबेसवर पुढची चाकं २० किलोने हलकी होतात. पुढे स्प्लिटर (बंपरखालची, नाक दाबून धरणारी पट्टी) नसताना नुसती मागे विंग लावली की असंच होतं. वेग वाढेल तसं नाक हलकं, स्टिअरिंगला वजन नाही, आणि चालक आपोआप जास्त स्टिअरिंग फिरवू लागतो.

आता तुमच्या तक्रारीचे दोन्ही तुकडे जोडून पाहा. सरळ पट्ट्यावर नाक हलकं, म्हणून तुम्ही सतत थोडं डावं-उजवं करताय. पट्ट्याच्या शेवटी पाय उचलता. हवेचा रोध आणि इंजिनचं ब्रेकिंग मिळून गाडी मंदावते आणि वजन पुढे जातं. बाराशे किलोच्या गाडीत ०.२ जी (गुरुत्वाकर्षणाच्या एक पंचमांश) एवढं मंदावलं तरी साधारण ४५ किलो. पुढचे नवे रुंद टायर एकदम चावतात. त्या क्षणी तुमच्या हातात जी थोडीशी वळवणी शिल्लक असते ती अचानक लागू पडते. मागचे जुने टायर त्याच क्षणी हलके झालेले असतात, बुश उलटत असतात. शेपूट सरकते.

हे वाचून विंग काढून टाकावीशी वाटेल. आधी विंग काढू नका. नाक हलकं करण्यात तिचा हात असला तरी सध्या या गाडीच्या मागच्या भागाला धरून ठेवण्यातही तिचाच हात आहे. मागचे टायर आणि बुश दुरुस्त न करता विंग काढलीत तर स्टिअरिंगला छान वजन येईल, तुम्हाला बरं वाटेल, वेग वाढेल आणि शेपूट आणखी मोकळी होईल. हवेच्या छोट्या भागांनी काय होतं याचं उदाहरण पहिल्या ऑडी टीटीचं आहे. ती १९९८ साली बाजारात आली, मागचा भाग गोल आणि स्वच्छ, स्पॉइलर नाही. अतिवेगात ताबा सुटून अपघात झाले, आणि त्यानंतर कंपनीने मागे छोटा स्पॉइलर बसवला, सस्पेन्शनमध्ये बदल केले, ईएसपी (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) दिलं. देखणेपणावरून त्या स्पॉइलरला नावं ठेवणारे आजही भेटतात.

तेव्हा क्रम असा: टायर, मग मागचे बुश आणि बेअरिंग, मग मागचा टो आणि थ्रस्ट अँगल, मग उंची आणि बम्प स्टॉप, आणि सगळ्यात शेवटी विंगचा कोन सपाट करून पाहणं किंवा ती उतरवणं. दर वेळी एकच बदल, आणि त्यानंतर तोच पट्टा, तीच हवा, तोच वेग. एका शनिवारी चार गोष्टी बदलून गाडी सुधारली, तर पुढच्या वर्षी ती पुन्हा बिघडेल तेव्हा कुठे पाहायचं ते कळणार नाही.

मधल्या काळात पुढच्या बाजूच्या काही तपासण्या उरकून टाका, कारण मेकॅनिक अगदीच चुकला असेल असंही नाही. इंजिन चालू ठेवून, गाडी उभी असताना, कोणाला तरी स्टिअरिंग मधोमध थोडं थोडं हलवायला सांगा आणि तुम्ही टाय रॉडच्या टोकांवर बोटं ठेवा. खेळ असेल तर बोटांना टकटक जाणवेल. रॅकचे माउंटिंग बुश आणि स्टिअरिंग कॉलमचे जोड तेव्हाच पाहा. मग पुढची चाकं उचला, इंजिन बंद ठेवा आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा. मधोमध जड किंवा चिकट लागतंय का? रॅक ढिला असण्याइतकाच तो जास्त आवळलेला असणंही त्रासदायक असतं, आणि ते फार कमी जण तपासतात. खेळ काढण्यासाठी कोणीतरी रॅकचा ॲडजस्टर जास्त आवळला, किंवा स्ट्रटच्या (पुढच्या शॉकअप-स्प्रिंगच्या खांबाच्या) वरचं बेअरिंग जाम झालं, की स्टिअरिंग स्वतःहून सरळ होत नाही. ते शेवटी जिथे सोडलं तिथे राहतं आणि चालक दिवसभर सावरत बसतो. लक्षणं वरवर ढिल्या रॅकसारखीच.

पॉवर स्टिअरिंग वेगानुसार जड होणारं असेल तर ४० आणि ९० ला त्याच्या वजनात फरक लागतो का, तेही आठवून पाहा. वेगाचा सिग्नल मिळत नसेल तर ते पार्किंगमध्ये असतं तेवढंच हलकं राहतं.

थरथर नाही म्हणता, म्हणून बॅलन्सिंगवर वेळ घालवत नाही. ज्यांना थरथर आहे त्यांच्यासाठी एवढंच: रिमच्या कडेला ३० ग्रॅमचं वजन कमी-जास्त असेल तर ताशी १२० ला साधारण सात किलोचा झटका प्रत्येक फेऱ्याला बसतो, आणि ही तक्रार बहुतेक वेळा एका वेगाच्या पट्ट्यात येते आणि पुढे कमी होते. तुमची वेगाबरोबर वाढत जाते. वेगळा रोग. रुंद टायरसाठी रिम बदलले असतील किंवा स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) घातले असतील तर मात्र मला कळवा. पुढच्या चाकांचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) बदलला की रस्त्यावरच्या प्रत्येक चरीमागे स्टिअरिंग ओढलं जातं, आणि त्याचं निदान निराळं.

मागची बाजू तपासून झाली की चाचणीसाठी ट्रॅकच वापरा, सार्वजनिक रस्ता नाही. ईएसपी चालूच ठेवा. ८० पासून दहा-दहाने वेग वाढवा आणि तक्रार नेमकी कुठे सुरू होते ते नोंदवा; प्रत्येक दुरुस्तीनंतर हा आकडा किती वर सरकला, हेच तुमचं मोजमाप. पाय उचलायचा तो हळू, टप्प्याटप्प्याने. शेपूट सरकलीच तर घाबरून ब्रेकवर उभं राहू नका. जायचं आहे तिकडे पाहा आणि स्टिअरिंग तेवढंच फिरवा. आणि हात सैल ठेवा. मुठी आवळून धरलेलं स्टिअरिंग स्वतःच गाडी हलवतं. हातांवर रोखलेला छोटा कॅमेरा लावलात तर गाडी किती सावरावी लागते आणि तुम्ही किती जास्त सावरताय, हे घरी बसून वेगळं काढता येईल. ट्रॅकवर येणाऱ्या नव्या मंडळींत दुसरा भाग बराच मोठा निघतो.

राहिला स्टिअरिंग डँपर. तो स्टिअरिंगची थरथर दाबण्यासाठी असतो, आणि तुम्हाला थरथर नाही. बसवलात तर मधोमध येणारं स्टिअरिंग आणखी सुस्त होईल आणि पुढचे टायर जे थोडंफार कळवतायत तेही तुमच्या हातांपर्यंत उशिरा पोहोचेल. मागच्या चाकांवर त्याचा काडीचा परिणाम होणार नाही. नको.

दुसऱ्या अलाइनमेंटचा रिपोर्ट पाठवा. रंग नकोत, आकडे हवेत: मागच्या दोन्ही चाकांचा वेगवेगळा टो, थ्रस्ट अँगल, आणि पुढच्या दोन्ही चाकांचा कॅस्टर. सोबत चारही टायरचे डीओटीचे आकडे.